उपग्रहाची वेळ तळघरापर्यंत: ‘एक राष्ट्र, एक वेळ’ उपक्रमात ऑप्टिकल केबलचे काम काय?

तुमच्या मोबाइलमधील घड्याळ तुम्ही शेवटचे कधी लावले होते? ते काम मोबाइलचे नेटवर्क करते आणि नेटवर्क आपली वेळ बऱ्याचदा उपग्रहांकडून घेते. जीपीएस असो वा भारताची ‘नाविक’ प्रणाली, तिच्या उपग्रहांत अणुघड्याळे असतात. त्यामुळे रस्ता दाखवण्याइतकेच वेळ पुरवण्यासाठीही हे उपग्रह वापरले जातात.

मात्र जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर आहेत आणि नाविकचे सुमारे ३६,००० किमी. जमिनीवर येईपर्यंत त्यांचा सिग्नल इतका क्षीण होतो की तो स्लॅब ओलांडून तळघरातील सर्व्हरपर्यंत जात नाही. म्हणून अँटेना गच्चीवर बसवतात. तिथून तांब्याची केबल खाली आणली तर काही दहा मीटरांतच सिग्नल बराच घटतो. ऑप्टिकल फायबर वापरल्यास गच्चीवरील उपकरण हा सिग्नल लेझर प्रकाशावर चढवते आणि खालचे उपकरण तो पुन्हा उतरवून घेते. अंतर काही किलोमीटर असले तरी चालते. शिवाय काच वीजवाहक नसल्याने गच्चीवर पडलेली वीज फायबरमधून खाली येत नाही.

इथे एक गैरसमज होतो. खालच्या रिसीव्हरला जे स्थान दिसते ते त्याचे स्वतःचे नव्हे, गच्चीवरील अँटेनाचे असते. वेळही थोडी उशिरा पोहोचते, कारण फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. ५जीच्या शेजारच्या टॉवरमधील वेळेचा फरक साधारण ३ मायक्रोसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे ६०० मीटर केबलचा विलंब हिशेबात धरायचा राहिला, तर ही सगळी मुभा तिथेच संपली!

पण गच्चीवर आलेला सिग्नलच खोटा असेल तर? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात काही विमानांना जीपीएसचे बनावट संकेत मिळाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. असा बनावट सिग्नल फायबर तितक्याच इमानाने खाली पोहोचवेल. आपली नाविक प्रणालीही अजून पुरेशी भक्कम नाही. तिच्या सुरुवातीच्या उपग्रहांतील आयात अणुघड्याळे बंद पडली. मे २०२३ मधील एनव्हीएस-०१ देशी घड्याळासह यशस्वी झाला, पण जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही.

म्हणूनच या उपक्रमाकडे लक्ष द्यायला हवे. ग्राहक व्यवहार विभाग, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि इस्रो मिळून अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील वैधमापन प्रयोगशाळांमधून भारतीय प्रमाणवेळ पुरवण्याची व्यवस्था उभी करत आहेत. अशा केंद्रांतून बँक, शेअर बाजार किंवा वीज ग्रिडला आकाशाकडे न पाहता जमिनीवरच्या जाळ्यातून वेळ घेता येते. एनटीपी पद्धतीने मिलिसेकंदांपर्यंत अचूकता मिळते, पीटीपीने मायक्रोसेकंदांपर्यंत किंवा त्याहून बारीक. दोन्ही पद्धतींत संदेश जाऊन परत येतो आणि त्यावरून केबलचा विलंब मोजला जातो. मात्र जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. भाड्याच्या सर्वसाधारण लाइनवर तसे नेहमी नसते. आमच्या मते उपक्रमाची खरी कसोटी अणुघड्याळांपेक्षा या शेवटच्या टप्प्यात लागेल.

कायदेशीर बाजूही तयार होत आहे. जानेवारी २०२५ मध्ये वैधमापन (भारतीय प्रमाणवेळ) नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि १४ फेब्रुवारीपर्यंत सूचना मागवण्यात आल्या. सरकारी आणि व्यापारी कामकाजात भारतीय प्रमाणवेळच वापरावी, अशी त्यात तरतूद आहे. परवानगीने दिलेले अपवाद तेवढे वेगळे.

तुम्ही संस्थेचे सर्व्हर सांभाळत असाल, तर सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडलेली आहेत का, हे आजच तपासता येईल.