मूठ आणि पाते

मराठी समीक्षेला पात्याचे आकर्षण फार. 'धारदार भाषा', 'परजलेली लेखणी', 'बोथट झालेली जाणीव' हे शब्दप्रयोग परीक्षणांतून इतक्या वेळा येतात की ती रूपके आहेत याचेही भान आपल्याला उरलेले नाही. मुठीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. फार तर एखाद्या कवितेच्या रचनेला 'कोरीव' म्हटले जाते. म्हणजे मूठ आठवलीच तर ती नक्षीपुरती. ग्रामीण आणि श्रमिकांच्या साहित्याची चर्चा करतानाही हेच घडते, आणि तेथे ते आम्हांला अधिक खटकते.

ही तक्रार पुस्तकांतून सुचलेली नाही. वर्धा जिल्ह्यातील एका आठवडी बाजाराच्या गावी आम्ही एका खात्याकडे (लोहाराला विदर्भात हे नाव आहे) सुरीचे जुने पाते घेऊन गेलो होतो. मूठ कुजून गळून पडली होती, पाते शाबूत होते. आम्ही पाते पुढे केले. त्याने ते बाजूला ठेवले आणि म्हणाला, "पहिले हात दाखवा." मग तळव्याची रुंदी त्याने स्वतःच्या बोटांनी मोजली. नक्षीविषयी आम्ही काही विचारले तेव्हा उत्तर आले, "मूठ हाताले पाह्यजे, डोयाले नाई."

त्यानंतरचे काम आम्ही दीड-दोन तास पाहिले. लाकूड बाभळीचे होते, पुरते वाळलेले. ओले लाकूड नंतर आकसते आणि मूठ पात्यावर खेळू लागते. रेषा लांबीच्या दिशेने धावतील असा तुकडा त्याने निवडला, कारण आडव्या रेषेवर मूठ दुभंगते. पात्याच्या मागच्या निमुळत्या टोकापेक्षा थोडे बारीक भोक पाडले, ते टोक भट्टीत लाल केले आणि लाकडात दाबले. लोखंड स्वतःची जागा जाळत आत शिरले. धूर निघाला, टोक बाहेर आले, पुन्हा तापले, पुन्हा आत गेले. अखेरीस भोकात लाख भरली आणि मुठीच्या गळ्याशी लोखंडी कडे ठोकून बसवले, म्हणजे दाब पडला तरी लाकूड तेथून फुटणार नाही. जोडणी एवढीच. खरा वेळ गेला तो नंतर, वासल्याने आणि कानशीने आकार देण्यात.

मूठ त्याने गोल केली नाही, लंबगोल केली. गोल मूठ हातात फिरते. लंबगोल मूठ हाती येताच धार कोणीकडे आहे हे न पाहता कळते. मध्ये किंचित पोट, मागच्या टोकाला पुन्हा जाडी, म्हणजे घामेजल्या हातातून ती निसटू नये. चार-पाच वेळा त्याने ती आमच्या हातात देऊन परत घेतली. शेवटी जवसाचे तेल चोळले. व्हार्निश का नाही, असे आम्ही विचारलेच. चकाकी घसरते, एवढेच तो म्हणाला.

या सगळ्यात आम्हांला जाणवलेली गोष्ट भाषेची आहे. मराठीत हाताची मिटलेली बोटे म्हणजे मूठ, आणि ती बोटे जिला धरतात तीही मूठच. पेरणीची मूठ, झाकली मूठ, मूठमाती, तलवारीची मूठ: एकाच शब्दात देह आणि वस्तू अशी सरमिसळ झालेली आहे. लांब अवजाराला मात्र दांडा असतो, आणि त्या शब्दात हात नाही. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण वर्गात फितुरीचे उदाहरण म्हणून शिकवतो. ती झाडाच्या बाजूने बोलते हे उघड आहे. पण दोष लाकडाला देताना तो दांडा पेलणारा हात तिच्यातून पार नाहीसा झालेला आहे, इकडे आमचेही लक्ष आजवर गेले नव्हते.

हे वर्ध्यात सुचावे यात थोडा उपरोध आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना येथे डिसेंबर 1934 मध्ये झाली. हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारी परिषद ऑक्टोबर 1937 मध्ये येथेच भरली, आणि 1938 च्या अखेरीस मगन संग्रहालय उघडले. हाताने मिळणारे ज्ञान हेही ज्ञानच, हा विचार या गावातून देशभर गेला. त्यातून चरखा आणि तकली प्रतीके झाली आणि साहित्यानेही ती उचलली. विळा प्रतीक झाला तो दुसऱ्या विचारातून, आणि झेंड्यावर गेला. झेंड्यावरच्या विळ्यालाही मूठ असते, पण ती कोणाच्या हाताच्या मापाची आहे असे त्याला कोणी विचारत नाही. प्रतीकाचे तसेच असते, त्याला धरावे लागत नाही.

देशीवादावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. अवजारांकडे तेव्हाही कोणी वळून पाहिले नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (1915) लोहार आणि सुतार दोघेही बलुतेदार म्हणून येतात. एकाचे लोखंड, दुसऱ्याचे लाकूड, आणि दोन्ही जेथे मिळतात ती जागा मुठीची. आपल्या टीपांसहित आवृत्त्यांत याचे काय होते? 'खुरपे: शेतीचे एक अवजार.' अशी टीप आम्हीही लिहिली आहे. ती चूक नाही, पण तिच्यात कोणी निंदायला वाकलेले नाही. कथेतली बाई दिवसभर खुरपे धरते आणि विद्यार्थ्याच्या हाती उरते एक नाम. निंदणाचे काम बहुतांशी बायकांचे, आणि बाजारातल्या तयार मुठी एकाच मापाच्या. म्हणून मुठीला चिंधी गुंडाळलेली दिसते. लेखकाने ती चिंधी लिहिली आहे की नाही, हा प्रश्न आम्हांला शैलीच्या अनेक प्रश्नांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आम्ही निघण्याच्या बेतात असताना एक वयस्क बाई विळा घेऊन आल्या. मुठीला तडा गेला होता. अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून खळगा पडलेला. खात्याने नवी मूठ घडवायला घेतली तेव्हा जुनी मूठ फेकली नाही, समोर ठेवली. नव्या लाकडात त्याच जागी, तेवढाच खळगा त्याने आधीच कानशीने काढून दिला. बाईंनी विळा हातात घेतला, अंगठा टेकवला आणि पैसे काढण्यासाठी पदराची गाठ सोडू लागल्या.