भट्टीतली फुलराणी

हिंजवडीतल्या कुठल्याही जुन्या कमर्शियल बिल्डिंगचा जिना चढून बघा. वळणावळणावर, कमरेच्या जरा खाली, देव ओळीने बसवलेले दिसतील. गणपती, साईबाबा, मक्का, क्रूस. सहा बाय सहाची चकचकीत टाइल, भोवती सोनेरी पट्टी. सर्वधर्मसमभावाचं इतकं नेमाने पालन आपल्याकडे दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्याच्या तोंडात गुटखा असतो आणि समोर देव दिसला की माणूस निदान पुढच्या वळणापर्यंत गिळून धरतो. टाइल्सच्या दुकानात या मालाला सरळ ‘देवाच्या टाइल्स’ म्हणतात आणि त्यांचा खप कधी कमी होत नाही.

चित्राच्या टाइलची माझी ओळख एवढीच होती. मग शेजारच्या फ्लॅटमध्ये काम निघालं. शेजारीण आयटीतली, कॅलिफोर्नियात काही वर्षं राहून आलेली, मूळची साताऱ्याची. तिने तिकडून येताना चार टाइल्स कपड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. डिस्नेलँडच्या. एकीवर तो गुलाबी-निळा किल्ला, दुसरीवर गोल फिरणारे कपबशांचे पाळणे, तिसरीवर मोनोरेल, चौथीवर वाफेचं इंजिन. “काकू, मुलाचं लहानपण तिथे गेलंय. भिंतीत बसवून टाकते, म्हणजे पुन्हा बदली झाली तरी कुणी काढणार नाही,” ती म्हणाली. आपलीच बदली झाली तर भिंतही इथेच राहील, हे तिच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. मीही बोलले नाही.

मिस्त्री लातूरकडचा. त्याने पहिली टाइल हातात घेऊन कडेने अंगठा फिरवला, उलटी करून मागच्या मातीवर टिचकी मारली आणि म्हणाला, “मॅडम, हे हायलायटर हातचं हाय. चारी कडा चार तऱ्हेच्या. स्पेसर लावून बसायचं नाही, सांधा मोठा ठेवावा लागंल.” सजावटीच्या टाइलला या धंद्यात हायलायटर म्हणतात. मी चष्मा लावून जवळून पाहिलं. चित्राची रेघ छापलेली नव्हती, उठलेली होती. नख लावलं की टोचायची. दोन उंच रेघांमध्ये जणू छोटं तळं तयार होतं आणि त्यात काचेसारखा रंग भरलेला. निळा कडेला गडद, मध्ये फिकट. इंजिनाच्या धुराडय़ापाशी पांढऱ्या रंगात सुईच्या टोकाएवढा बुडबुडा फुटून राहिला होता. भट्टीतून निघालेल्या वस्तूवर अशी एखादी खूण राहतेच.

प्रक्रिया जुनी आहे. पातळ मातीच्या लगद्याने रेघा ओढायच्या, त्या बांधासारख्या उभ्या राहतात. मग आत झिलईचे रंग सोडायचे आणि हजार अंशांच्या वर भाजायचं. झिलई म्हणजे शेवटी काचच. त्या तापमानाला ती वितळते, पण बांध ओलांडून शेजारच्या रंगात जात नाही. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी बहुधा तांबं. हे रंग मातीत आणि काचेत बांधले जातात, म्हणून उन्हाने उडत नाहीत.

डिस्नेवाल्यांचं टाइलचं हे वेड जुनं आहे. मेरी ब्लेअर ही त्यांची चित्रकार. जगभरच्या मुलांच्या बाहुल्या होडीतून बघायच्या, ती ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ राइड सजवणारी हीच. 1967 साली तिने डिस्नेलँडच्या टुमॉरोलँड भागात समोरासमोरच्या दोन इमारतींवर मुलांची दोन प्रचंड भित्तिचित्रं टाइल्समध्ये केली. 1971 साली फ्लोरिडात दुसरं डिस्ने उभं राहिलं. तिथल्या कंटेम्पररी हॉटेलात तिचं नव्वद फूट उंचीचं चित्र आहे, टाइल्स अठरा हजार. मोनोरेल थेट त्या इमारतीच्या पोटातून जाते आणि डब्यात बसलेल्याला भिंतीवर पाच पायांची बकरी दिसते. चार नव्हे, पाच. मुद्दाम काढलेली. माणसाने केलेल्या वस्तूत एक खोट असावी, असा त्यामागचा विचार सांगतात. फ्लोरिडातली ती बकरी अजून आहे. कॅलिफोर्नियातल्या दोन भिंतींचं मात्र वेगळं झालं. एक 1987 साली झाकली गेली, दुसरी 1998 साली. नवी राइड आली, नवं रूप आलं, वरून नवा मुलामा चढला. म्हणजे ‘जपणारी माणसं’ म्हणून तिकडच्यांकडे बोट दाखवायची सोय फारशी नाही. व्यवहार आला की भाजलेली भिंतही झाकली जाते.

पण ते टाइल करून तरी ठेवतात. आपण काय करतो? फ्लेक्स लावतो.

हिंजवडीच्या शिवाजी चौकात उभं राहून बघा. वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडीचा फ्लेक्स, म्हातोबाच्या यात्रेचा फ्लेक्स. हनुमान जयंतीला इथून वाकडकडे निघणारं या गावदेवाचं बगाड आयटी पार्कपेक्षा कितीतरी जुनं. त्यासाठी मुळशीच्या रानातून लाकूड आणायची रीत अजून पाळतात. पण चौकातल्या त्याच्या चित्राचं आयुष्य एका पावसाळ्याचं. ऊन लागलं की आधी लाल रंग जातो, मग पिवळा, मग नुसते निळसर चेहरे राहतात.

आपल्याला टाइल परकी होती असंही नाही. उलट या चित्रांच्या टाइलचा एक धागा आपल्या अगदी जवळून जातो. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे मळवलीला हलला. मळवली म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन, हिंजवडीहून एक्स्प्रेसवेने तासाभराच्या आत. तिथून लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण घराघरांत गेले. त्या धर्तीची चित्रं पुढे जपानी कारखान्यांनी उठावाच्या टाइलवर उतरवली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती हिंदुस्थानात विकायला आणली. पाठीवर ‘मेड इन जपान’ असा ठसा आणि दर्शनी बाजूला आपली सरस्वती. जुन्या घरांच्या ओट्यांवर, तुळशीवृंदावनांवर, देवळांच्या खांबांवर या टाइल्स आजही जागच्या जागी आहेत. त्यांचे रंग बघा आणि मग गेल्या वर्षीचा फ्लेक्स बघा. आणि टाइल बनवायला जपान लागतं असंही नाही. सौराष्ट्रात चिनी मातीचा धंदा रुजवणाऱ्यांत परशुराम गणपुले या मराठी माणसाचं नाव अगदी पुढे येतं. त्यांची परशुराम पॉटरी प्रसिद्ध होती. आज आपल्या बाथरूमला लागणारा माल ज्या मोरबीतून येतो, तिथे ही पॉटरी होती.

म्हणजे माती आहे, भट्टी आहे, चित्रं आहेत, मिस्त्री आहे. खेळांच्या बागाही होत्या. निम्म्या गेल्या, एवढंच.

मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं. मुंबई-पुण्याच्या दोन पिढ्यांच्या सहली तिथे गेल्या. 2022 साली ते बंद झालं. दिल्लीचं अप्पूघर, 1982 च्या आशियाई खेळांतल्या अप्पू हत्तीच्या नावाचं, 1984 साली उघडलं आणि 2008 मध्ये मिटलं. इमॅजिका आहे. 2013 साली खोपोलीजवळ मनमोहन शेट्टींनी उभं केलं, 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. हिंजवडीतल्या कंपन्यांची टीम आउटिंगं अजून तिकडेच जातात. ते चालू आहे याचा आनंद आहे. पण एस्सेलवर्ल्डची तिथे गेलेल्यांकडे काय खूण राहिली? तिकिटाचा कागद तेव्हाच फाटला आणि फोटो फोन बदलताना गेले.

मी पुण्यात पेठेत वाढले, त्यामुळे माझं डिस्नेलँड म्हणजे पेशवे पार्क. 1953 साली सुरू झालेलं. आणि तिथली छोटी आगगाडी, फुलराणी. एक तारीख सांगते. डिस्नेलँड उघडलं 17 जुलै 1955 ला. ते उभारणाऱ्या डिस्नेला आगगाड्यांचं इतकं वेड की बागेभोवती वाफेची गाडी फिरायलाच हवी होती. पुण्याची फुलराणी सुरू झाली 8 एप्रिल 1956 ला. मध्ये नऊ महिनेही नाहीत. तिकडे एका गृहस्थाने बँकांची कर्जं काढून स्वप्न उभं केलं, इकडे महापालिकेच्या दप्तरातून एक गाडी निघाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी पोरांना घेऊन फिरायला लागली. दोन्ही गाड्या आज चालू आहेत. शेजारणीच्या टाइलवर मात्र एकच आहे.

पेशवे पार्कातली जनावरं पुढे कात्रजला गेली. त्याआधी ज्यांनी तिथे हत्तीण पाहिली, माकडांना फुटाणे टाकून रखवालदाराचा ओरडा खाल्ला, त्यांतले कितीतरी आज पन्नाशी-साठीचे आहेत. फुलराणीत वळणावर डबा कलला की सगळी पोरं एकाच बाजूला ओरडायची. बोगद्यात तर मोठी माणसंही ओरडून घ्यायची, कोण ओरडलं ते कळत नसे. हे सगळं कुणाच्या भिंतीवर नाही. मिस्त्री चौथी टाइल बसवत होता तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, “अगं, अशीच फुलराणी करून मिळाली तर एक मीही लावीन.” ती म्हणाली, “काकू, ऑनलाइन शोधते.” सापडली नाही. सापडणार कुठून? कुणी केलेलीच नाही.

करायला काही मोठं अवघड नाही. पुण्यात सिरॅमिकचे स्टुडिओ आहेत, कुंभारकाम शिकवणारी माणसं आहेत, चित्रकार तर गल्लोगल्ली. महापालिकेच्या उद्यान विभागाने मनावर घेतलं तर फुलराणीच्या स्टेशनाची एक भिंत भाजलेल्या टाइल्सची करता येईल. खाली एकाही नगरसेवकाचं नाव नको. भूमिपूजनाच्या पाटीचा दगड तेवढा वाचेल. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची तेवीस स्थानकं आहेत. त्यांतल्या आमच्या टोकाच्या एखाद्या भिंतीवर बगाड का नसावं? रोज लॅपटॉपची बॅग घेऊन धावणाऱ्या पोरांना, आपण ज्या गावात नोकरी करतो त्या गावाला एक देव आहे आणि त्याला वर्षातून एक दिवस आहे, एवढं तरी कळेल. आणि तिथे कुणी थुंकणारही नाही, हा वरचा फायदा.

तोवर वाचकांना दोन गोष्टी सांगते. पहिली, ज्यांच्या अल्बमात फुलराणीचे, पेशवे पार्काचे जुने फोटो असतील त्यांनी ते आधी नीट स्कॅन करून ठेवावेत. चित्र काढणाऱ्याला डब्याचा आकार आणि इंजिनाचं तोंड त्यातूनच मिळेल. दुसरी, कुणी घरासाठी अशी टाइल करून घेणार असाल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: चित्र भट्टीतून काढलेलं आहे की वरून छापलेलं? हल्ली टाइलवर मशिनने शाई मारून अतिनील दिव्याखाली वाळवून देतात. दिसायला झकास आणि स्वस्त. पण ती शाई वरच बसते. ओट्यामागे लावली तर घासणीने जाते. भाजलेली हवी असेल तर चित्र चिकटवून टाइल पुन्हा आठशे अंशांच्या आसपास भट्टीत घालावी लागते. त्याला आठवडा जास्त लागेल आणि पैसेही जास्त पडतील. ते द्या.