तळहातावरचा विमानतळ

आगरी घरात लग्न निघाले की हळद ही लग्नाच्याही आधी आठवते. पत्रिका लग्नाची छापतात, पण माणसे मोजली जातात ती हळदीची. पनवेलजवळ गाढी नदीच्या काठी असलेल्या आमच्या विचुंब्यातही तेच. एकेकाळी इथे भाताची खाचरे होती, आज त्यांतून इमारती उगवल्या आहेत. गावाची गल्ली तेवढीच राहिली, माणसे मात्र दसपट झाली. पण हळदीचा मांडव अजून त्याच गल्लीत पडतो. पूर्वी धवलारणीच्या आवाजावर हळद लागायची, आता तिच्या जोडीला बेंजो आला, डीजे आला आणि गेल्या काही वर्षांत डोक्यावर घोंघावणारा ड्रोनही आला. त्याच्याशिवाय हळदीची चित्रफीत 'पुरी' होत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात नात्यातल्या एका हळदीला असाच ड्रोन होता. उडवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, हुशार आणि गोड स्वभावाचा. संध्याकाळभर त्याने सुंदर चित्रण केले. शेवटी बॅटरी संपत आली. ती अगदी उतरली की ड्रोन कुणाची वाट न बघता आपणहून खाली येऊ लागतो. खाली पाहिले तर पाऊल ठेवायला जागा नाही. एकीकडे नाच, एकीकडे पंगतीची मांडामांड आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात वर बघत नाचणारी पंधरा-वीस पोरे. मुलाने डाव्या हातात रिमोट धरला, उजवा हात वर केला आणि ड्रोन खालून पकडला. तेवढ्यात एका पोराने उडी मारून त्याच्या कोपराला हात लावला. ड्रोन जेमतेम चार बोटे कलला. पुढे जे झाले ते डोळ्याचे पाते लवायच्या आत झाले. पांढरा सदरा लाल झाला, दोन बोटे हाडापर्यंत चिरली गेली.

कुणीतरी धावत जाऊन वाटीतली हळद आणली आणि जखमेत भरली. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला अर्धा तास ती हळद धुऊन काढण्यात गेला. टाके पडले, पुढे एक शस्त्रक्रिया झाली. तो मुलगा आजही कॅमेरा चालवतो, पण त्याची तर्जनी पुरती मिटत नाही. त्याचा धंदाच त्या बोटावर आहे.

हे सारे सांगायचे कारण असे, की "खाली जागा नाही, हातातच घे!" असे त्या मुलाला ओरडून सांगणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, याचे मला आज आश्चर्य वाटते. घरातल्या सुरीशी आपण असे कधी वागत नाही. विळी वापरून झाली की आडवी करून ठेव, उभी ठेवू नकोस, हे प्रत्येक घरात मुलाला बोलता येण्याआधी ऐकू येते. हातातून सुरी निसटली तर पाय मागे घ्यावा, ती झेलू नये, हेही आई शिकवते. पण ड्रोनला आपण सुरी मानत नाही, खेळणे मानतो. त्यातून आपण गल्लीक्रिकेटवर वाढलेली माणसे. वरून काही खाली येताना दिसले की हात आपोआप झेलायला जातो.

या खेळण्याच्या अंगी काय आहे, याचा साधा हिशेब करून पाहू. मध्यम आकाराच्या ड्रोनचा एक पंखा सुमारे चोवीस सेंटिमीटर व्यासाचा असतो. तो मिनिटाला सहा हजार फेरे घेतो असे धरले तर सेकंदाला शंभर फेरे होतात. एका फेऱ्यात पात्याचे टोक पाऊण मीटर धावते, म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर मीटर, ताशी २७० किलोमीटर. पंख्याला पाती दोन. तिथे अडकलेल्या बोटावर सेकंदाला दोनशे घाव बसू शकतात. हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग जरी लागला, तरी तोवर चाळीस घावांचा अवधी होऊन गेलेला असतो. लहान ड्रोनची पाती आखूड असतात, पण ती जास्त वेगाने फिरतात. त्यामुळे तिथेही हिशेब फारसा सौम्य होत नाही.

याहून महत्त्वाची आहे ती या यंत्राची समजूत. ड्रोन हवेत स्थिर दिसतो, कारण तो क्षणोक्षणी स्वतःला सावरत असतो. वाऱ्याने एक बाजू खाली गेली की त्या बाजूचे पंखे तो जोरात फिरवतो आणि पुन्हा सपाट होतो. आता तो तुम्ही हातात पकडलात. त्याला पकडल्याचे कळत नाही. तुमचा हात कलला की त्याला वाटते, वारा आला. मग तो कललेल्या बाजूचे, म्हणजे बहुधा तुमच्या मनगटाकडचे, पंखे अधिक जोराने फिरवतो. तुम्ही घाबरून घट्ट धरता, तो आणखी जोर लावतो. आमच्या मुलाचे नेमके हेच झाले. शिवाय पुष्कळ ड्रोनच्या पोटाशी जमीन ओळखणारे डोळे असतात. खालून तळहात पुढे आला की त्यांना तो अडथळा वाटतो आणि ड्रोन थबकतो किंवा पुन्हा वर जाऊ पाहतो. माणूस त्याला खाली ओढतो, यंत्र वर जाऊ पाहते आणि या ओढाताणीत बोटे पात्यांच्या वाटेत येतात.

मोठमोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. स्पॅनिश गायक एन्रिके इग्लेसियास याने मे २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआना इथे भर कार्यक्रमात डोक्यावर आलेला ड्रोन हाताने धरायचा प्रयत्न केला. रक्ताळलेल्या हाताने त्याने कार्यक्रम पुढे नेला खरा, पण नंतर बोटांवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घरासमोर ड्रोन उडवताना तो झाडाला लागून घसरला आणि दीड वर्षाच्या एका बाळाचा डोळा गेला. उडवणारा कुणी परका नव्हता, त्या कुटुंबाचाच स्नेही होता. या दुसऱ्या अपघातात हाताने झेलण्याचा संबंध नव्हता, पण त्यातून कळते ते हेच, की ही पाती आणि माणूस यांच्यात अंतर हवे. झेलणारा तेच अंतर स्वतःहून पुसून टाकतो.

कुणी म्हणेल, मग हे लोक हातावरून उडवतात आणि हातावर उतरवतात तरी का? नुसती ऐट म्हणून? काही जण ऐटीसाठी करतात, हे खरे. पण प्रत्येक वेळी तसे नसते. शेतात माती आणि धूळ असते, ती उडून कॅमेऱ्याच्या नाजूक सांध्यात जाते. गडावर सपाट दगड मिळत नाही. समुद्रात हलणाऱ्या होडीवर ड्रोन उतरवणे जवळजवळ अशक्य असते, तिथे हाताचाच आधार असतो. इमारतीच्या गच्चीवर आणखी एक भानगड असते. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ड्रोनच्या होकायंत्राचा गोंधळ उडतो, म्हणून पुष्कळ जण तो हातात उंच धरून सोडतात. काही प्रकारची लांब पंखांची टेहळणी विमाने तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावत जाऊन भाल्यासारखी फेकूनच उडवतात, आणि लष्करांत ती पद्धत रूढ आहे. आमच्या पिढीतल्या एनसीसीच्या मुलांनी हलक्या लाकडाची ग्लायडर्स अशीच फेकली. पण त्या ग्लायडरला ना मोटर होती ना पाते.

तेव्हा हाताने उडवणे-झेलणे हे पापच आहे असे मी म्हणत नाही. अलीकडे हातावरून उडावीत म्हणूनच बनवलेली छोटी यंत्रेही निघाली आहेत. २०२४ मध्ये आलेला 'निओ' हा १३५ ग्रॅमचा ड्रोन त्यांपैकी एक. त्याच्या पात्यांभोवती चहूबाजूंनी जाळी आहे. बोट सहजी आत जाऊ नये, ही काळजी बनवणाऱ्याने घेतली आहे. उघड्या पात्यांच्या ड्रोनची गोष्ट वेगळी. तिथे झेलणे हे खास प्रसंगाचे आणि शिकलेल्या माणसाचे काम आहे. झेलणारा आणि रिमोट धरणारा ही दोन माणसे असावीत. झेलणाऱ्याच्या हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हात पूर्ण लांब करून, चेहऱ्यापासून दूर आणि डोक्याच्या वर, ड्रोनचा तळ सपाट धरावा. पाती पुरती थांबेपर्यंत तो कलू देऊ नये. आणि आसपास तिसरे माणूस नसावे. आता सांगा, हळदीच्या मांडवात यातली कोणती अट पुरी होते?

इथे कायद्याकडे पाहण्याची आपली सवय आहे, म्हणून तेही पाहू. २०२१ च्या ड्रोन नियमांनी यंत्रांची वर्गवारी वजनावर केली. २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो', त्याच्या पुढे दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो', आणि असेच चढत्या क्रमाने. नॅनो चालवायला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो छंद म्हणून उडवला तर लागत नाही, पण लग्नाची सुपारी घेऊन उडवला तर लागते. २४९ ग्रॅमचे ड्रोन बाजारात का लोकप्रिय आहेत, हे यावरून समजते. वजनाची ही वर्गवारी चुकीची नाही, डोक्यावर पडणाऱ्या वस्तूचे वजन मोजलेच पाहिजे. पण बोटाला ग्रॅम कळत नाहीत, त्याला पाते कळते. 'लायसन लागत नाही' याचा अर्थ 'लागत नाही' असा आपण घेतो, तिथे चुकतो.

आमच्या गावापुरता कायदा आता आणखी कडक झाला आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरांच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात परवानगीविना दोनशे फुटांची मर्यादा आहे. विचुंबे त्या आठ किलोमीटरांत येते. म्हणजे इथल्या गल्लीत पूर्वीसारखा ड्रोन उडवणे हे आता नुसते धोक्याचे नाही, गुन्ह्याचेही आहे. पण त्यामुळे प्रश्न सुटला असे समजू नये. ड्रोनवाले आणि लग्ने दूरच्या गावांकडे आणि फार्महाऊसकडे सरकतील. तिथेही तीच गर्दी असेल, तीच घाई असेल आणि वर केलेला तोच हात असेल.

मला म्हणायचे आहे ते ड्रोनवाल्या मुलांना कमी आणि आपणा यजमानांना जास्त. लग्न ठरले की आपण मांडवाची जागा मोजतो, स्टेजची मोजतो, डीजेच्या भिंतीची मोजतो, आचाऱ्याच्या चुलवणाची मोजतो. ड्रोनचे पैसे घासाघीस करून ठरवतो, पण तो उतरणार कुठे, हे कुणी विचारत नाही. उतरायला जागा नसली की तो मुलगा आपल्या तळहाताचाच विमानतळ करतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

खरे तर लागते किती? दहा फूट लांब, दहा फूट रुंद मोकळी जागा. तिच्याभोवती दोर, दोरापाशी पोरांना आवरणारा घरचा एखादा खमक्या काका, आणि मधोमध चारी कोपरे विटांनी दाबलेले रबरी मॅट. चादर किंवा जुनी साडी अंथरू नये, वाऱ्याने उडून ती पात्यांत जाते. बॅटरी अर्धी असतानाच ड्रोन उतरवून बदलायची, शेवटच्या थेंबापर्यंत ताणायची नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. "आणखी एक फेरी मार" हा आग्रह आपण करायचा नाही. आणि ड्रोनवाल्याने "इथे उतरवता येत नाही, मी उडवत नाही" असे म्हटले तर त्याचे पैसे कापायचे नाहीत. या शेवटच्या अटीवर बाकीचे सारे उभे आहे. नाही म्हणण्याने ज्याचा रोज बुडतो, तो नाही म्हणणार कसा?

इतके करूनही अपघात झालाच, तर हळद, कॉफीची पूड, राख यांतले काहीही जखमेत भरू नये. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे, हात छातीच्या वर ठेवावा आणि तडक मोठा दवाखाना गाठावा. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात टाकू नये.

२००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात मुलांनी बनवलेले उडते यंत्र पाहून आपण सारे हरखलो होतो. पडद्यावरचे ते यंत्र पवईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या कंपनीचे होते, आणि ती कंपनी आज महाप्यात, म्हणजे आमच्या शेजारीच आहे. या यंत्राशी आपले वैर नाही. पूर आला, दरड कोसळली, तर हेच यंत्र उपयोगी पडते. त्याला घरात घ्यायचे तर विळीसारखेच, रीत शिकून घ्यायला हवे.

विमानांना उतरायला जागा हवी म्हणून आमच्या डोळ्यांदेखत उलव्याचा डोंगर सपाट झाला, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांनी आपली घरे, देवळे आणि झाडे सोडली. १,१६० हेक्टर जमीन त्यासाठी लागली. त्या त्यागाची किंमत इथल्या माणसांना कुणी सांगायला नको. याच माणसांनी लेकराच्या हळदीत दहा फूट जागा मोकळी सोडायची, एवढेच मागणे आहे. मोठ्या विमानासाठी गाव उठले, लहानशा ड्रोनसाठी निदान चार खुर्च्या तरी उठाव्यात.