नळी बदलून मिळेल?

मंडळी, आजचा लेख एका भाच्यासाठी. कोण ते नात्यातल्या लोकांना कळेलच, बाकीच्यांनी विचारू नये :-)

परवा बीडला गेलो होतो. जेवणं झाली आणि भाचेबुवा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांच्याकडे शस्त्र परवाना आहे. एक जुनं, वापरलेलं .३२ चं पिस्तूल काही लाखांत मिळतंय म्हणे. इथपर्यंत ठीक. पुढचं वाक्य ऐका.

"मामा, .३२ घेतो अन् नळी तेवढी ९ एमएमची टाकून घेतो. अमेरिकेत गडी दोन मिनिटात बदलायलाय, बघा की!"

बघितलं. व्हिडिओ खोटा नव्हता, अर्धा होता. तिकडे .४० च्या पिस्तुलात .३५७ सिगची नळी बसते, कारण १९९४ साली आलेलं ते काडतूस .४० च्याच काडतुसाचं तोंड आवळून बनवलंय. बूड तेच, मॅगझिनही बहुतेक तेच. आपल्याकडच्या साध्या .३२ पिस्तुलाचं तसं नाही. गोळी सुटताना त्याची स्लाइड फक्त स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगवर थोपलेली असते, तिला नळीशी जखडणारी खाच नसते. .३२ च्या काडतुसाचा दाब जास्तीत जास्त २०,५०० पीएसआय, ९ एमएमचा ३५,०००. शिवाय काडतूस जाड आणि लांब, मॅगझिनमध्ये नीट बसणारच नाही. कुणा 'कारागिरा'ने बसवून दिलंच, तर ते फुटणार कुणाच्या हातात?

बरं, हात शाबूत राहिला असं धरू. मग कायदा आहे. अमेरिकेत नंबर सांगाड्यावर असतो, तोच कायद्याने 'पिस्तूल'. नळी म्हणजे सुटा भाग. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच. परवान्यावर हत्यार, बोअर, नंबर सगळं लिहिलेलं असतं. ९ एमएम तर प्रोहिबिटेड बोअर, जिल्ह्याच्या परवान्यावर ते मिळतच नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणं हा वेगळा गुन्हा आहे, शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. परवानाधारक म्हणून घरातून निघालेला माणूस नळी बदलली की गावठी कट्टेवाल्याच्या शेजारी जाऊन बसतो. हे त्या व्हिडिओत कोण सांगणार?

हे सगळं सांगितलं. भाचा म्हणाला, "मामा, पण .३२ ला कोण भ्यायलंय?"

म्हणजे खरी गोम इथे होती! जीव वाचवायचा नव्हता, समोरच्याला भ्यायला लावायचं होतं. मोठी गाडी, मोठा बॅनर, तसं मोठं बोअर. कमरेला लावून लग्नात मिरवायचं, जमलं तर वरातीत एक बार काढायचा. (त्यालाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, बरं का.)

आपल्या जिल्ह्यात अजून हे बोलावं लागतं याचीच लाज वाटते. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांना, संतोष देशमुखांना, भर दिवसा पळवून नेऊन हालहाल करून मारलं. तेव्हा जिल्ह्यात हजारावर शस्त्र परवाने होते. त्यातलं एक तरी त्या माणसाच्या कामी आलं का? नंतर हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले, परवान्यांची फेरतपासणी झाली, बरेच रद्द झाले. बाहेरगावी "बीडचा" म्हटलं की लोक गमतीने कमरेकडे बघतात. मला ती गंमत वाटत नाही.

कुणाला खरंच धोका असतो, रानातल्या वस्तीवर राहणाऱ्याला भीती असते, हे मान्य. त्याने रीतसर परवाना घ्यावा, आहे ते हत्यार आहे तसं ठेवावं, दुरुस्ती परवानाधारक दुकानातच करावी. माझं भांडण त्याच्याशी नाही. पण ज्याला नळी बदलावीशी वाटते, त्याचा धोका बाहेर नाही, त्याच्या डोक्यात आहे.

भाचेबुवा, राग आला असेल तर फोन करा. आणि त्या लाखांत शेततळं होतं का, ते आधी ताईला विचारा.

असो.