व्हिसा-फ्री? जरा थांबा, बॉस!

‘केनियाला व्हिसा लागत नाही, बॉस!’ हे वाक्य आमच्या एका मित्राने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये निदान वीसदा ऐकवलं असेल. मसाई माराचं बुकिंग झालं, नवी दुर्बीण आली, बायकोची रजाही मंजूर झाली. आणि ऑगस्टमधल्या एका पहाटे तिघंही मुंबई एअरपोर्टच्या काउंटरवरून सामानासकट ठाण्याला परत! मित्राची आणि वहिनींची ईटीए होती, दीड वर्षाच्या चिरंजीवांची नव्हती. ‘एवढ्याशा पोराला कसली परमिशन?’ असं साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तर भानगड अशी आहे, मंडळी. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद केला, हे खरं. पण त्याच्या जागी आली इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, म्हणजे ईटीए. ऑनलाइन फॉर्म भरा, पासपोर्ट स्कॅन करा, फोटो द्या, हॉटेल आणि विमानाचं बुकिंग जोडा, वर तीसेक डॉलर मोजा. (आता याला व्हिसा नाही तर काय म्हणायचं, ते नैरोबीलाच ठाऊक!) तान्ह्या बाळासकट प्रत्येकाची ईटीए वेगळी, आणि तीही निघण्याआधी मंजूर झालेली हवी. निदान तीन दिवस हाताशी ठेवा. ‘तिथे उतरल्यावर बघू’ हा फंडा इथे चालत नाही, कारण अडवणारा माणूस नैरोबीत नसतो, आपल्याच काउंटरवर बसलेला असतो.

सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या चकाचक साइटवर लगेच कार्ड काढू नका. असे बरेच दलाल तोच फॉर्म भरून द्यायचे जादा पैसे घेतात. सरकारी साइटचा पत्ता ‘गो डॉट केई’ने संपतो. आणि पासपोर्ट नंबर नीट टाका. आपल्याकडे आधी एक अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. तेव्हा पुढे जे काही गोल दिसेल ते शून्य, ‘ओ’ नव्हे!

यलो फीव्हरच्या लसीचं मात्र मित्राने चोख केलं होतं. केनियाहून परतताना आपलंच सरकार तिचं सर्टिफिकेट मागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, म्हणून ती वेळेत घ्यायची. चिरंजीवांनी बिचाऱ्यांनी भोकाड पसरून का होईना, सुई टोचून घेतली होती. बापाला फक्त फॉर्म भरायचा होता!

ईटीए तिसऱ्या दिवशी आली. तिकिटांचे पैसे गेले, तंबूतल्या तीन रात्री गेल्या. उरलेल्या दोन दिवसांत सिंह मात्र दिसला. त्याच्याकडे बोट दाखवून चिरंजीव म्हणाले, ‘माऊ!’