गादी सोडून दिलेले उत्तर

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात पर्यवेक्षकाच्या जागेसाठी मुलाखत चाललेली असते. शिक्षण, गुण, यंत्रांची माहिती हे सारे विचारून झाल्यावर समोरचे अधिकारी सहज स्वरात विचारतात, “माणसांकडून काम करून घेण्याचा काही अनुभव?” व्यापारी घरातला उमेदवार क्षणभर घुटमळतो आणि म्हणतो, “नाही साहेब, नुकतीच पदवी घेतली आहे.”

हे उत्तर नम्र असले, तरी खरे नसते. शाळेच्या सुट्ट्यांपासून तो दुकानावर बसत आलेला असतो. दिवाळीच्या गर्दीत कोणी वजन करायचे, कोणी गिऱ्हाईक पाहायचे, गाडी आली की कोणी माल उतरवून घ्यायचा, हे त्याने कितीदा तरी ठरविलेले असते. मात्र हा अनुभव आहे, असे त्याला कधी वाटलेलेच नसते. ते घरचे काम होते.

दुसरा उमेदवार उलट टोक गाठतो. “आमच्याकडे दहा-बारा माणसे आहेत, सगळी मीच सांभाळतो.” अधिकारी पुढचा प्रश्न टाकतात, “त्यांपैकी एखाद्याने ऐकले नाही, तर काय करता?” उत्तर येते, “आमच्याकडे ऐकत नाही असे कोणी नाही.” मुलाखत पुढे दहा मिनिटे चालते खरी, पण निकाल तेथेच लागलेला असतो.

पहिल्याने आपली शिदोरी घरी ठेवली आणि दुसऱ्याने गादीच बरोबर आणली. दुकानातील माणसे मालकाच्या मुलाचे ऐकतात, त्यात मुलाचे कर्तृत्व किती आणि वडिलांच्या गादीचे वजन किती, हे मुलालाही ठाऊक नसते. मुलाखत घेणाऱ्याला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. गादी काढून घेतली, तर या तरुणाच्या शब्दाला किती वजन उरेल? कारखान्यातील फिटर त्याच्या वडिलांना ओळखत नाही. रात्रपाळीचा कंत्राटी कामगार त्याच्या घराण्याच्या पतीवर काम करीत नाही.

हा प्रश्न आता अनेक घरांच्या उंबऱ्याशी आला आहे. पूर्वी मुलगा शिकला तरी दुकानातच यायचा. आज बारामतीच्या वसाहतीत तीनचाकी वाहने तयार होतात, दुधावर प्रक्रिया होते, चॉकलेटे बनतात. भिगवणला कागद होतो, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे साखर कारखाने आहेत. आपली मुले-मुली तेथे अर्ज करतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्यांच्याकडे माणसांची जबाबदारी येते.

या मातीला हा प्रवास अनोळखी नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांचे नाव सांगते, ते शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मले. घरी पेढी होती, पत होती. तरी त्यांनी रेल्वेच्या कंत्राटांची वाट धरली. तेथे त्यांचे पहिले भागीदार झाले लक्ष्मणराव फाटक. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. नात्यातले नव्हते, समाजातलेही नव्हते. एकाजवळ भांडवल आणि पत, तर दुसऱ्याजवळ कामाची माहिती होती. काम जाणणाऱ्या माणसाला नोकर न ठेवता त्याला बरोबरीचे आसन देऊन शेठजींनी आपल्या उद्योगाचा आरंभ केला. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, १९१९ ची सिंदिया जहाज कंपनी, १९४० चा बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजबांधणी अशी मोठमोठी कामे त्यांच्या हातून उभी राहिली. इंदापूरच्या माळावर ऊस आला, साखर कारखाना आला, यंत्रे बनू लागली. इस्रोच्या अग्निबाणांचे काही भागही वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले. एवढ्या पसाऱ्यातून मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाने एकच गोष्ट उचलावी: ज्याला ते काम आपल्यापेक्षा अधिक येते, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावर नेतृत्वाची परीक्षा होते.

मुलाखतीत हाच मुद्दा निरनिराळ्या रूपांत पुढे येतो. “तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या कारागिराला काम कसे सांगाल?” हे त्याचे सर्वांत सरळ रूप. “मी त्यांचा आदर करीन” एवढ्याने काही कळत नाही. आदर कशात दिसेल, ते सांगावे. पहिल्या आठवड्यात यंत्राबाबत त्यांनाच विचारीन, वेळापत्रक ठरविण्यापूर्वी त्यांचे मत घेईन. मात्र सुरक्षेचा नियम मोडला जात असेल, तर वयाकडे न पाहता काम थांबवीन आणि त्याचे कारण त्यांना बाजूला घेऊन सांगेन. या उत्तरात आदर आहे आणि जबाबदारीही आहे. ज्या घरात जुन्या मुनीमजींना आजही ‘अहो’ म्हटले जाते, पण रात्री रोजमेळ मात्र त्यांच्याकडून तपासून घेतला जातो, त्या घरातील मुलाला हे नव्याने शिकावे लागत नाही.

“एखादा प्रसंग सांगा” हा प्रश्न तर हमखास येतो. येथे गुणांची यादी उपयोगाची नाही. ‘मी मनमिळाऊ आहे, सर्वांना बरोबर घेऊन चालतो’ असे शंभरातले नव्वद उमेदवार म्हणतात. प्रसंग चार पायऱ्यांनी सांगावा: स्थिती काय होती, आपल्यावर कोणती जबाबदारी होती, आपण नेमके काय केले, आणि त्याचे फळ काय मिळाले. दोन मिनिटे पुरतात. त्यातील निम्म्याहून अधिक वेळ तिसऱ्या पायरीला द्यावा, कारण बहुतेक उमेदवार स्थितीचेच वर्णन लांबवतात आणि ‘मग आम्ही ते सोडवले’ या एका वाक्यात विषय आटोपतात. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे त्यामुळे गुलदस्त्यातच राहते. आपला निर्णय असेल तेथे ‘मी’ म्हणावे, श्रम सर्वांचे असतील तेथे ‘आम्ही’ म्हणावे.

मुलींच्या बाबतीत घरची माणसे पुष्कळदा म्हणतात, “तिला कुठला माणसे सांभाळण्याचा अनुभव?” पण पर्युषणात पाठशाळेच्या तीस मुलांचा कार्यक्रम तिने बसविलेला असतो, महावीर जन्मकल्याणकाच्या भोजनाला वाढप्यांच्या पंगती तिने लावून दिलेल्या असतात. हा अनुभव दुकानापेक्षाही मोलाचा आहे. स्वयंसेवकाला पगार नसतो आणि त्याला कामावरून काढता येत नाही. तो केवळ शब्दाखातर येतो आणि अवमान झाला तर निघून जातो. गादीविना माणसे कशी चालवावी, याचा यापेक्षा चोख दाखला कोणता? अशा मुलीने हा प्रसंग संकोच न करता सांगावा. किती स्वयंसेवक होते, आयत्या वेळी कोण आले नाही, त्यांचे काम कोणाला आणि कसे दिले, हे सर्व तपशिलाने सांगावे.

सर्वांत कठीण प्रश्न चुकीचा असतो. “माणसांशी वागताना तुमचा निर्णय कधी चुकला?” यावर “मी फार मन लावून काम करतो, हाच माझा दोष” असे पढविलेले उत्तर देणारे पुष्कळ असतात आणि ऐकणारा मनातल्या मनात हसतो. इंदापूर भागातील डाळिंबाच्या आडतीवर वाढलेला तरुण असे उत्तर देऊ शकेल, अशी कल्पना करावी:

“हंगामात खरेदीदाराने काही क्रेट परत पाठविले. मोठ्या फळांत मध्यम फळे मिसळली होती. मी प्रतवारी करणाऱ्या वयस्क मावशींना सर्वांसमोर बोललो. संध्याकाळी माझ्या लक्षात आले, की त्या दिवशी खरेदीदाराने बदललेले माप मी सकाळी त्यांना सांगितलेच नव्हते. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच, मी मावशींची क्षमा मागितली. मग त्यांच्याच सांगण्यावरून प्रत्येक प्रतीच्या क्रेटजवळ वानगीचे एक फळ ठेवण्याची पद्धत सुरू केली. तेव्हापासून माप बदलले की आधी वानगी बदलते. आणि कोणाला काही बोलायचे झाले, तर मी बाजूला घेऊन बोलतो.”

या उत्तरात चूक खरी आहे, ती कोणावर ढकललेली नाही, भरपाई केली आहे आणि पुढे ती घडू नये म्हणून पद्धत बदलली आहे. आपल्या घरांना हे नवीन नाही. प्रतिक्रमणात माणूस आपल्याच दिवसाकडे मागे वळून पाहतो, दोष ओळखतो आणि पुन्हा तसे न घडो असा संकल्प करतो. वर्षातून एकदा क्षमा मागताना तो लहान-मोठा पाहत नाही. तो विधी दुकानाच्या पायरीपर्यंत येतो की नाही, एवढेच मुलाखतीत तपासले जाते.

“दोन कामगारांत भांडण झाले तर?” या प्रश्नावर लगेच निवाडा देणारा उमेदवार घाईचा ठरतो. दोघांचे आधी वेगवेगळे ऐकावे, जे प्रत्यक्ष घडले ते आणि जे मनाला लागले ते निराळे करावे, मग दोघांना समोरासमोर बसवावे, आणि जे ठरेल ते लिहून ठेवावे. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. ते चालविणाऱ्या संस्थेचे नाव अनेकान्त एज्युकेशन सोसायटी. त्या नावाचा अर्थ पाठशाळेत पाठ झालेला असतो. कारखान्यात तो वापरावा लागतो. मात्र अनेकान्त म्हणजे दोघांनाही बरे म्हणून मोकळे होणे नव्हे. सर्व बाजू पाहून झाल्यावर निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो आपल्या नावाने घ्यावा लागतो.

काम टाळणाऱ्या माणसाविषयीही विचारतात. “काढून टाकीन” हे मालकाचे उत्तर झाले. पर्यवेक्षकाला तो अधिकार बहुधा नसतो. त्याने आधी कारण शोधावे. काम समजले नाही, साधने अपुरी आहेत, घरी आजारपण आहे, की खरोखरच टाळाटाळ आहे? प्रत्येकाचा उपाय वेगळा. समज द्यावी, मुदत द्यावी, नोंद ठेवावी आणि त्यानंतरच वरिष्ठांकडे जावे. येथे दुकान आणि कारखाना यांतील एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. ‘आज जरा उशिरापर्यंत थांबा’ हे दुकानात आपुलकीने चालून जाते. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट दराने वेतन द्यावे लागते, आणि त्याची नोंद ठेवावी लागते. ज्या उमेदवाराला एवढे ठाऊक असते, त्याने गादी मागे ठेवली आहे हे न सांगता कळते.

आकड्यांच्या बाबतीत तर काटा सरळ ठेवावा. चार माणसे असतील तर चारच सांगावी. बारा सांगितली की कामाची वाटणी, सुट्ट्या, पगाराचा दिवस असे प्रश्न येतात आणि तिसऱ्या प्रश्नाला खोटे उघडे पडते. व्यवहारात वजनमाप चोख ठेवणाऱ्या घराने शब्दांच्या मापात सूट का घ्यावी? चार माणसांचा खरा प्रसंग बारा माणसांच्या बढाईपेक्षा जड भरतो.

तयारीसाठी दूर जाण्याची गरज नाही. रोजमेळ मिटल्यावर वडिलांनी किंवा काकांनी समोर बसून हे प्रश्न विचारावे आणि मुलाने उत्तर द्यावे. ते ऐकायला एखाद्या जुन्या माणसालाही बसवावे, मुनीमजींना किंवा वर्षानुवर्षे माल उतरविणाऱ्या हमालमामांना. उत्तर झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे, “हा सांगतो तसेच झाले होते का?” ते हसून मान हलवतील, तर मुलाने निश्चिंत मनाने मुलाखतीला जावे. ते गप्प राहिले, तर ते उत्तर सोडून द्यावे आणि खरे उत्तर त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावे.