आरोग्यधन : श्वासाचा हिशेब



पालघर असो वा बोईसर, सकाळी दुकान उघडले की रात्रीपर्यंत व्यापारी गादीवरून फारसा हलत नाही. तारापूरच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांना थकलेल्या उधारीची चिंता वेगळीच. चिंतेने श्वास उथळ व जलद होतो आणि हृदयावरील ताण वाढतो. म्हणून या वेळी दीर्घ श्वसनाचा विचार करू.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूकडून हृदयाकडे येणारा ‘व्हेगस’ हा मज्जातंतू उच्छ्वासाच्या वेळी अधिक प्रभावी होतो, हे त्याचे कारण. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ही संख्या सहाच्या आसपास आणल्यास मानेच्या व हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांतील रक्तदाबाचे नियमन करणारी संवेदनाकेंद्रे अधिक तत्परतेने काम करतात. इटलीतील डॉ. बर्नार्डी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संथ मंत्रपठनानेही श्वास याच गतीवर येतो असे आढळले.

महाराष्ट्रात हे कार्य जुने आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना संथ श्वसनासह शवासन शिकवले. तो अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. परंतु लाभ सर्वांना सारखा झाला नाही आणि मात्रा ठरवली ती वैद्यांनी.

आपल्या परंपरेत कायोत्सर्गाचे मापच श्वासोच्छ्वास आहे. देवसी प्रतिक्रमणात १००, पक्खीस ३००. दिगंबर परंपरेत नऊ णमोकारांस २७. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त प्राणायामाचे सविस्तर वर्णन केले, पण बळाने श्वास रोखल्यास मनाला क्लेश होतात, असा इशाराही दिला. हृदयरोग्याने तो विशेष ध्यानी ठेवावा.

सकाळी, किंवा सायंकाळी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाआधी, पाठ ताठ ठेवून बसावे. नाकाने चार सेकंद श्वास घ्यावा, सहा सेकंदांत सावकाश सोडावा. या गतीने २७ श्वासांस साडेचार मिनिटे लागतात. चक्कर आल्यास थांबावे. परिसरात रसायनांचा दर्प असेल तेव्हा उघड्यावर अभ्यास करू नये. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास कुंभक, भस्त्रिका व कपालभाती वैद्यांच्या अनुमतीवाचून करू नयेत.

आणखी एक विनंती. बरे वाटू लागले म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. उपवास वा चोविहार असेल तर औषधाची वेळ वैद्यांकडून आधीच ठरवून घ्या. छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच प्राणायाम करीत बसू नका, ‘गॅस असेल’ म्हणून वाटही पाहू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. गल्ल्याचा हिशेब आपण रोज न चुकता मांडतो. त्यातील पाच मिनिटे श्वासाच्या हिशेबास दिली, तर तो घरादाराच्या कल्याणाचाच व्यवहार ठरेल.